पुस्तकांच्या खोलीत कोण बसतं?

विंझर, बुधवार, १४ ऑगस्ट २०२४

अक्का,

सहा वर्षांनी लिहितोय, तेव्हा ख्यालीखुशाली विचारायला लिहिलेलं नाही हे तू ओळखलंच असशील. फोन तू उचलत नाहीस. पोस्टात टाकलं तर वाटेत चार जण वाचतात. म्हणून हे पाकीट वेल्हे-स्वारगेट गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. तो ते नसरापूर फाट्यावर धनाजीच्या चहाच्या टपरीवर ठेवील आणि धनाजी किकवीकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती तुला पोचवील. एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, तेवढी ओळख अजून शिल्लक आहे. पाकीट डिंकानं चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर कळव.

तुला वाचता येत नाही, म्हणजे नात वाचून दाखवील. दिपाली, मी तुझ्या आजीचा धाकटा भाऊ. जसं लिहिलंय तसं वाचायचं. मधलं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही.

विषय असा. बैल विकल्यावर गोठा रिकामा पडला होता, त्याची मी खोली करून घेतली. गव्हाण काढली, फळ्या मारल्या, पुस्तकं लावली. मुक्कामी गाडीवर असताना डेपोत वेळ जात नसे, तेव्हापासून रद्दीवाल्यांकडून जमवलेली, चारशेच्या वर आहेत. बसायला एसटीच्या भंगारातलं दोघांचं सीट आणलंय. ते मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, कारण खिडकीसमोर बसलं की माणूस वाचत नाही, ओढा बघत बसतो. उशी नाही, पंखा नाही, फोटो नाहीत. वाचायला बसायचं तर ताठ बसावं, असं माझं मत.

दर मंगळवारी मी सकाळच्या गाडीनं भोरच्या बाजाराला जातो आणि संध्याकाळी परततो. काल आलो, तर सीट खिडकीकडे फिरलेलं. तुझ्या भावजयीला, नूतनला विचारलं. म्हणाली, "केर काढताना सरकलं आसंल." अक्का, ते सीट लोखंडी आहे. एकट्या माणसानं ते तसूभर हलत नाही.

आता मी स्पष्टच विचारतो. त्या जागेच्या उताऱ्यावर माझ्या नावाशेजारी अजून तुझं नाव आहे. गावातल्या सगळ्या बहिणींनी हक्कसोड करून वडिलांची जागा भावांना दिली, तू एकटीनं अंगठा दिला नाहीस. आता तुझ्याकडचं कुणी मी नसताना येऊन तिथं बसतं का? उद्या वहिवाट दाखवायचा बेत आहे का? बिनतिकिटाचा प्रवासी मी गाडी सुरू व्हायच्या आधी ओळखायचो. मला फसवणं सोपं नाही.

ज्ञानू

विंझर, २१ ऑगस्ट

अक्का,

उत्तर नाही. परवा राखी पौर्णिमा झाली, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

काल पुन्हा तेच. या खेपेला सीटच्या पाठीला घडी घातलेली गोधडी आणि पायाखाली देवघरातला जुना पाट. माझे पाय जमिनीला टेकतात, मला पाट लागत नाही. म्हणजे येणारं माणूस बुटकं आहे. शिवाय मी खुणेला जुनी तिकिटं घालतो, त्यातलं एक चाळिसाव्या पानावरून एकसष्टाव्या पानावर गेलंय. चोर कधी वाचत बसतो का? मग हा कोण?

खरं सांगायचं तर गोधडी मी लगेच काढणार होतो. म्हटलं, आधी बसून बघू, नक्की काय डाव आहे. पाठीला ऊब लागली, खिडकीतून पुस्तकावर उजेड पडत होता, आणि उठलो तेव्हा सत्तर पानं झाली होती. एरवी माझी मान वीस पानांत भरून येते. हाच तर डाव असणार. माणसाला आधी सुखाची सवय लावायची आणि मग कागद पुढं करायचा. फुकटात कुणी कुणाच्या पाठीला गोधडी लावत नाही.

नूतनवर संशय घ्यायचं कारण नाही. सातवी झाली आहे म्हणतात, पण छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या हातात पुस्तक पाहिलेलं नाही. ती तिथं केर काढायला जाते तेवढीच. तिला त्यातलं काय कळणार? ती भोळी आहे आणि कुणीही तिला गुंडाळू शकतं, म्हणून तुला बजावतो, तिला यात ओढू नकोस.

ज्ञानू

विंझर, ४ सप्टेंबर

अक्का,

आता मात्र हद्द झाली. पुस्तकांच्या मागं, प्रत्येक फळीवर, लाल फडक्यात बांधलेल्या पुरचुंड्या सापडल्या. एकूण नऊ. उग्र वासाच्या. मी पुस्तकं वाचणारा माणूस, करणीबिरणीवर माझा विश्वास नाही, तरी हात लावायला धजावलो नाही. चिमट्यानं पिशवीत भरल्या आणि भैरवनाथाच्या देवळात गुरवाकडं घेऊन गेलो. रखमाजी गुरवानं एक सोडली, हुंगली, आणि हसत सुटला. "ज्ञानूतात्या, वेखंड हाय ह्ये. संगती कडुनिंबाचा पाला. कसर लागू न्हाई म्हनून बाया धान्यात, लुगड्यांत घालत्यात. तुमच्यावर कुनी करनी करायची? तुमीच समद्यांवर डोळा ठिवून बसलेलं आसता."

चार माणसांत माझं हसं झालं. पुरचुंड्या परत आणून जागच्या जागी ठेवल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुस्तकांना बुरा येतो, कसर लागते, या वर्षी एकालाही लागलेली नाही हे मान्य. पण माझ्या पुस्तकांची काळजी करणारं हे कोण, आणि का?

म्हणून काल बाजाराला जाताना उंबऱ्याच्या आत चुलीतली राख भुरभुरली. संध्याकाळी बघतो तर दोन पावलं. एक नूतनचं, ते केर काढतानाचं. दुसरं रुंद, अनवाणी, बाईमाणसाचं. म्हणजे तू बाई पाठवतेस. पुरुष आला असता तर गावात बोभाटा झाला असता, हे तू बरोबर हेरलंस.

भोरचा वकील नोटीस काढायची म्हणतोय. उत्तर आलं नाही तर काढीन.

ज्ञानू

किकवी, १० सप्टेंबर

ज्ञानू,

तुजी तिन्ही पत्रं मिळाली. समदी आयकली. पाकिटं चिकटवल्यालीच व्हती, काळजी करू नगंस.

म्या सांगतीया तसं ह्ये लिवलं जातंय. तुज्या खोलीत कोन येतंय ते तू तुज्या घरात इचार, मला किकवीला कशापायी इचारतोस? म्या कुनाला पाठिवलं न्हाई. देवाशपथ.

अंगठ्याचं आता आयक. तू लिवलंस, समद्या बहिनींनी दिला, अक्कानं न्हाई दिला. व्हय, न्हाई दिला. तुज्या ध्यानात हाय का त्या दिशी काय झालं? भोरच्या कचेरीत तू शाईचा डबा उघडून फुडं धरलास. कागद घडी घातल्याला, निस्ती खालची कड दिसत व्हती. म्या म्हनलं, ज्ञानू, वाचून दाखव की रं काय लिवलंय. तू म्हनलास, अक्का, तुला काय कळनार त्यातलं, लाव अंगठा, साह्यब उठतील. कचेरीतली मानसं हसली. म्या तिथनं उठले ती उठलेच.

जिमीन नगं व्हती मला. आजबी नगं. पर तू शाळंत जावंस म्हनून आईनं माजी शाळा दुसरीतनं काढली, शेरडं माज्या मागं लावली, आन तुला म्या कडंवर घिऊन फिरले. आन तूच चार लोकांत मला म्हनलास तुला काय कळनार. सा वर्सं झाली, ते एक वाक्य माज्या कानातनं जात न्हाई. बाकी माजं काय भांडान न्हाई.

नोटीस काढायची तर काढ.

तुजी अक्का

विंझर, १८ सप्टेंबर

अक्का,

तुझं पत्र मिळालं. आधी एक विचारतो. हे अक्षर कुणाचं? दिपालीचं नाही. कॉलेजच्या मुली असं लिहीत नाहीत, त्यांना घाई असते. हे पाटीवर गिरवून आलेलं, ओळीवर सरळ चालणारं, मुद्दाम सावकाश काढलेलं अक्षर आहे. कचेरीत असली अक्षरं मी पाहिलीत. वकिलाचा कारकून गाठलास ना? भाषा तुझी ठेवायची आणि मुद्दे त्याचे घालायचे, ही त्यांची जुनी रीत.

नूतनला दाखवलं. आधीच सांगून ठेवतो, तिला अक्षरातलं काय कळणार, पण घरात दुसरं आहे कोण? तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "बरं हाय की अक्षर." आणि भाकरी थापायला गेली.

कचेरीतलं म्हणशील, तर तेव्हा वेळ नव्हता. साहेब उठणारच होते. त्या कागदात काय असतं, ते सगळ्यांना माहीत असतं, कुणी वाचून दाखवत नाही. मी मुद्दाम तुझा अपमान केला असं तुला वाटत असेल, तर तो तुझा गैरसमज. यापलीकडं त्यावर मला काही लिहायचं नाही.

खोलीत आता खिडकीच्या चौकटीला चष्म्याचं घर अडकवायला खिळा मारलाय. बरोबर सीटवरून हात पोचेल असा. मी त्याला माझं चष्म्याचं घर अडकवून पाहिलं. सोय चांगली आहे. तेवढ्यासाठी मी गप्प बसेन असं मात्र समजू नका.

येत्या मंगळवारी बाजार झाला की वकिलाकडं जाऊन नोटिशीवर सही करणार आहे. कुलूपही आणलंय.

ज्ञानू

विंझर, २५ सप्टेंबर

अक्का,

काल मी भोरला गेलो नाही.

एसटीचं तपासणी पथक कधी स्टँडवर चढत नाही. जिथं थांबा नाही तिथं गाडीला हात करतं आणि बेसावध कंडक्टरला गाठतं. मी तसंच केलं. सकाळच्या गाडीत बसलो, नसरापूर फाट्याच्या अलीकडंच उतरलो आणि एका दुधाच्या टेम्पोतून परत आलो. ओढ्याच्या बाजूनं घरामागं आलो आणि आपल्या खोलीच्या खिडकीखाली उभा राहिलो. माझ्याच घरामागं चोरासारखा.

आतून नूतनचा आवाज येत होता. ती वाचत होती. मला आधी वाटलं पुस्तक आहे. मग शब्द ओळखीचे लागले. माझं पत्र होतं, अठरा तारखेचं. "नूतनला दाखवलं. आधीच सांगून ठेवतो, तिला अक्षरातलं काय कळणार." ते तिनं न अडखळता वाचलं, जशी बाराखडी वाचावी तसं.

आणि मग तुझा आवाज आला. "ह्ये बी वाचलंस व्हय गं?"

नूतन म्हणाली, "जसं लिवलंय तसं वाचायचं, म्हनलेत पयल्या पत्रात. म्या काय गाळत न्हाई."

छत्तीस वर्षं मी ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली, तिचं अक्षर मला ओळखता आलं नाही. कारकुनाचं ठरवलं. कंडक्टर रोजच्या पासवाल्याकडं बघत नाही, अक्का. पास असेलच, असं धरून पुढं जातो. एकदाही मी तिला विचारलं नाही की नूतन, तू काय वाचतेस. सीट दोघांशिवाय हलत नाही हे मीच लिहिलं आणि त्या दोघी कोण, हे मला दिसलं नाही.

मग तू विचारलंस, "नोटीस आली म्हंजी काय हुतंय गं? आता म्या यायाचं बंद करू का?" नूतन म्हणाली, "नोटीस त्येंना देऊ द्या. तुमी या." मी तेव्हाच आत यायला हवं होतं. पाय उचलला नाही. मग तू म्हणालीस, इथं तुझी कपिला गाय बांधलेली असायची, इथं खिडकीशी बसलं की माहेरी आल्यासारखं वाटतं, आणि बाकी घरात पाऊल टाकायला तुला तोंड नाही. ते ऐकून मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

त्यानंतर नूतननं पुस्तक घेतलं, तिकिटाची खूण होती तिथून. ती वाचत होती, तू मध्ये मध्ये त्या गोष्टीतल्या सावकाराला शिव्या देत होतीस, आणि मी खिडकीखाली उभा राहून अख्खं प्रकरण ऐकलं. ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. इतकं चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही उठायच्या आत मी देवळात जाऊन बसलो आणि संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला घरी आलो. नूतननं विचारलं, बाजार कसा होता. बरा होता म्हटलं.

हे सगळं मी तिला चुलीपाशी बसून सांगू शकलो असतो. जमत नाही. म्हणून धनाजीकडून किकवीला पाठवतोय, म्हणजे ते फिरून तिच्याकडं येईल. धनाजीला तू दर मंगळवारी फाट्यावर गाडी बदलताना दिसत असणार आणि तो मला एका शब्दानं बोलला नाही, त्याच्याकडं नंतर बघतो.

मंगळवारी ये. मी घरात असेन. तो हक्कसोडीचा कागदही बाहेर काढून ठेवतो.

ज्ञानू

विंझर, २ ऑक्टोबर

अक्का,

काल तू समोर होतीस तरी लिहितोय, कारण समोर मला बोलता येत नाही, हे तू पाहिलंसच.

माझं पत्र तू न वाचता पदरात बांधून आणशील हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुला दारात मला बघून मागं फिरायला झालं, ती माझी चूक. नूतननं तुझा हात धरला नसता तर तू गेलीच असतीस. आणि नंतर ते पत्र तिनं माझ्यासमोर वाचलं. पासवाल्यापर्यंत तिचा आवाज नीट होता. "नूतन, तू काय वाचतेस" तिथं ती थांबली, पाणी प्यायली, आणि पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. मी त्या वेळी कुठं बघत होतो ते मला आठवत नाही. तुम्ही दोघी सीटवर होतात, मी जमिनीवर, एवढं आठवतं.

मग कागद. मी तो फाडायलाच घेतला होता. तू म्हणालीस, "फाडू नगंस. आदी वाच." मला वाटलं, वाचून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. सहा वर्षं तो माझ्या ट्रंकेत होता, पण मीही तो पहिल्यांदाच मोठ्यानं वाचला. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. प्रत्येक दिशेला तू मान हलवत होतीस, तुला सगळ्या दिशा पाठ होत्या. आणि शेवटी ते आलं: "सदरचा दस्त मला वाचून दाखविण्यात आला असून तो मला समजला आहे व मी राजीखुशीने अंगठा करीत आहे."

मी तिथं थांबलो. तुला वाचून दाखवलाय, असं त्यात लिहिलं होतं आणि त्याखाली मी तुझा अंगठा मागत होतो.

तू म्हणालीस, "थांबलास का? फुडं वाच की." पुढं काही नव्हतं. मग तू म्हणालीस, "आता समदं कळलं. न्हाई देत."

नूतन हसली. मला राग यायला हवा होता. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, बघा, मी म्हणत नव्हतो, हिचा पहिल्यापासून जागेवर डोळा. काल तसं मनात आलं नाही. कागद समजल्यावर जे माणूस नाही म्हणतं, त्याला मी काय उत्तर देणार? तू तीन घोट चहा प्यायलीस, बशी पालथी घातलीस आणि नूतनला म्हणालीस, आता त्या सावकाराचं काय झालं ते वाच.

तू गेल्यावर नूतनला विचारलं, इतकी वर्षं लपवून का वाचत होतीस. म्हणाली, लपवलं नव्हतं, तुमी इचारलं न्हाई. मग म्हणाली की तुमची खोली पुस्तकांना बरी होती, माणसाला बसायला नव्हती, म्हणून जरा हात फिरवला. आणि तिला तिची अशी एक फळी हवी आहे. माझ्या फळ्यांवर नको म्हणाली, तिथं सगळं तुमच्या हिशोबानं लागतं.

आता काम असं आहे. तीन भिंती भरल्यात. मोकळी राहिली ती पश्चिमेची भिंत, खिडकीच्या बाजूची. कागद काल चारदा वाचून बघितला. त्याप्रमाणं त्या भिंतीकडची अर्धी जागा तुझ्या वाट्याची दिसते. सुतार पुढच्या गुरुवारी येणार आहे. नूतनची फळी तुझ्या भिंतीवर मारू का, ते कळव.

ज्ञानू